बुटाच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर

केन्झेबेक माझा धाकटा भाऊ. त्याच्यावर कुणी काही लिहावं असं त्याने काही केलेलं नाही. तो पंप दुरुस्त करतो. अठ्ठावीस दिवस पश्चिमेकडे तेलाच्या विहिरींवर आणि अठ्ठावीस दिवस इथे घरी, कारागांदा शहरात, अशी त्याची एकोणीस वर्षं गेली. वय अठ्ठेचाळीस. उंच, खांद्यात जरा वाकलेला, आणि बोलायला इतका कंजूष की लग्नात होकार देतानाही मुल्लाला त्याला दोनदा विचारावं लागलं होतं.

मी राउशान, त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. शाळेच्या खानावळीत एकतीस वर्षं स्वयंपाक करते. त्याच्या वाटणीचं बोलणं आयुष्यभर मीच केलं. मास्तरांशी, वडिलांशी, त्याच्या सासुरवाडीच्या लोकांशी. त्याच्या तोंडात शब्द घालायची मला सवयच लागली होती. त्यातलं एक वाक्य मी घालायला नको होतं. पुढचं सगळं त्या वाक्यापायी झालं.

त्याची बायको शोल्पान दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सोमवारी बसच्या थांब्यावर उभी होती, ती खाली बसली आणि उठलीच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांची एकुलती एक मुलगी अक्बोता तेव्हा कोरियात होती, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. अजूनही तिथेच आहे. आता, आमच्यात मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. दोन-चार वडीलधारी माणसं घरी जातात, चहा घेतात, इकडचं तिकडचं बोलतात, मग आडवळणाने शब्द पुढे सरकवतात. ऐकणारा कोसळला तर धरायला हात जवळ असतात.

"अक्बोताला आत्ता काही सांगायचं नाही," मी केन्झेबेकला म्हणाले. "एकटी आहे पोरगी. कुठे पडली-बिडली तर कोण धरणार?" कोरियात आमच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ होते, तिच्यापासून तीन तासांवर. त्यांना सुट्टी फक्त रविवारी. ते रविवारी जाऊन नीट सांगतील, असं मी ठरवलं. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी माना डोलावल्या.

मंगळवारी तिचाच फोन आला. घरात माणसं भरलेली, शोल्पानला आतल्या खोलीत ठेवलेलं. केन्झेबेकने फोन कानाला लावला. "बाबा, आई फोन का उचलत नाहीये?" पोरीचा आवाज मलाही ऐकू आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुसते ओठ हलवले: झोपलीय म्हण.

"आई झोपली आहे," तो म्हणाला.

बुधवारी शोल्पानला माती दिली. गुरुवारी कुणा लांबच्या भावाने तिचा फोटो काळ्या चौकटीत घालून सगळ्यांना पाठवला आणि अक्बोताने तो कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पाहिला. तिने बापाला फोन केला. "आई झोपली आहे म्हणालात," एवढंच बोलली आणि ठेवून दिला. त्यानंतर वीस महिने तिने त्याचा फोन उचलला नाही. ते वाक्य माझं होतं हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आम्ही बहीणभाऊ आपसातही त्यावर कधी बोललो नाही.

केन्झेबेक रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीरबीर काही नव्हता, मला माहीत आहे. त्याचं सगळं बधिर झालं होतं. मी मांस-शेवयांच्या बेश्बार्माकमध्ये एकदा मीठ घालायचं विसरले, तो पूर्ण ताट खाऊन उठला. दुसऱ्यांदा चुकून दोनदा घातलं, तेही खाल्लं. एकदा तारा जोडताना तापलेली सोल्डरची दांडी बोटाला टेकली होती; मला जळका वास आला म्हणून मी ओरडले, तेव्हा त्याने बोट बाजूला घेतलं. माझंही फारसं वेगळं नव्हतं. शाळेत रोज तीनशे पोरांचा रस्सा ढवळायचा, घरी यायचं, झोपायचं. अक्बोताची आठवण आली की मी भांडी घासायला घ्यायचे.

गेल्या सप्टेंबरात तो पाळीवरून परतला आणि बॅग तशीच दारात ठेवून त्याने माझ्यासमोर फोन धरला. अक्बोताचा निरोप होता. मी चष्मा शोधून वाचला. "बाबा, फोनवर तुमचा आवाज मला ऐकवत नाही. मी एक खेळ खेळते. दोघांनी मिळून जंगलात घर बांधायचं असतं. बोलावं लागत नाही. रविवारी दुपारी मला सुट्टी असते. त्यासाठी जरा ताकदीचा कॉम्प्युटर लागेल."

"मग घे की," मी म्हणाले.

"तिकडे न्यावा लागेल," तो म्हणाला. "निम्मे रविवार मी तिकडे असतो."

तिकडे म्हणजे स्टेपच्या ओसाड माळावर, चार माणसांच्या खोलीत, जिथे प्रत्येकाच्या वाट्याला एक खाट आणि स्टुलाएवढं टेबल येतं, टीव्ही चौघांत एक. आगगाडीत दोन दिवस, एकच बॅग. लॅपटॉप का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला की तसल्या ताकदीचा लॅपटॉप आपल्या आवाक्यातला नाही, आणि बिघडला तर आपल्याला उघडून दुरुस्त करता येत नाही. ज्या गोष्टीला स्क्रूड्रायव्हर लागत नाही त्या गोष्टीवर माझ्या भावाचा विश्वास नाही.

तेव्हा ठरलं की कॉम्प्युटर बुटाच्या खोक्याएवढा हवा, आणि जुन्या नाहीतर सवलतीतल्या भागांचा. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी खेळू, असं त्याने मुलीला कळवलं.

त्याने आधी काहीही विकत घेतलं नाही. माझ्याकडून बिस्किटांचे रिकामे पुठ्ठे मागून घेतले आणि सगळा कॉम्प्युटर पुठ्ठ्याचा कापला. मदरबोर्ड सतरा सेंटिमीटरचा चौकोन. ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, पंखा, सगळं मापात, मिलिमीटरपर्यंत. मग ते पुठ्ठे खऱ्याच बुटाच्या खोक्यात असे लावून बघायचा, तसे लावून बघायचा. पंपाचंही तो असंच करतो म्हणे. ते बूट शोल्पानचे होते. खोकं तिने कपाटावर जपून ठेवलं होतं. त्याने ते काढलं, आणि त्यातले बूट कपाटात ठेवले. 

खरेदीला तो मला घेऊन जायचा, कारण घासाघीस त्याच्याने होत नाही. जुन्या रेडिओ बाजारात तळघरात गेन्नादी पाव्हलोविचचा गाळा आहे. दाढीत कायम सूर्यफुलाच्या बियांची सालं. त्याच्याकडे बिटकॉइनवाल्यांची कार्डं ढिगाने पडलेली असतात. आमच्याकडे तो धंदा जोरात होता तेव्हा लोकांनी गोदामं भरून यंत्रं लावली, मग वीज पुरेना, धंदा बसला आणि कार्डं बाजारात आली.

"हे आजारी नाही ना?" मी एक आखूड कार्ड उचलून विचारलं.

"बाई, दोन वर्षं रात्रंदिवस राबलंय. रजा नाही, सुट्टी नाही."

"म्हणजे थकलेलं."

"तुम्ही किती वर्षं स्वयंपाक करताय?"

"एकतीस."

"मग? चालताय ना अजून? चार जिने उतरून आलात की."

"माझा पंखा तरी खडखडत नाही," मी म्हणाले. त्याने हसत किंमत उतरवली. केन्झेबेक तोवर कार्डाचं नाक-डोळे बघत होता. त्याने बोटाने पंखा फिरवला, कानाशी धरला, आणि मान हलवली. घ्यायचं.

कॅबिनेट एका विद्यार्थ्याकडून मिळालं, एका बाजूने चेपलेलं, म्हणून स्वस्त. पत्रा त्याने लाकडी हातोडीने ठोकून सरळ केला. पॉवर सप्लाय नवाच, पण दुकानातलं खोकं फाटलेलं म्हणून सवलतीत. मदरबोर्ड आणि प्रोसेसर बंद पडलेल्या गेम क्लबातले. रॅमच्या दोन पट्ट्या, एक हिरवी आणि एक काळी, दोन वेगवेगळ्या माणसांकडून. तो म्हणाला चालतील, जी हळू असेल तिच्या चालीने दुसरीही चालेल.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी त्याने सगळं जोडून बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. मदरबोर्ड मेलेला होता. क्लबवाल्याने फोन बंद करून ठेवला होता. केन्झेबेकने मुलीला निरोप पाठवला: "तयार नाही. नोव्हेंबरात." उत्तर आलं: "बरं."

ऑक्टोबर तो तिकडे होता. तिथून फोनवरूनच त्याने दुसरा मदरबोर्ड शोधला आणि मी जाऊन आणला. त्याचं तार खोचायचं एक भोक चालत नव्हतं, पण बाकी ठीक होता. नोव्हेंबरात तो आला, पुन्हा सगळं जोडलं, आणि आता झाकण बसेना. पुठ्ठ्याच्या कॉम्प्युटरमध्ये त्याने कार्ड मापात कापलं होतं, पण कार्डाच्या कडेला जी विजेची तार घुसते तिचं डोकं धरलं नव्हतं. आठ मिलिमीटर कमी पडले. एकोणीस वर्षं नळ्यांची तोंडं मोजणारा माणूस तारेचं तोंड विसरला. मी हसले. तो नुसता त्या जागेकडे बघत बसला.

पुन्हा निरोप. या वेळी उत्तर दोन दिवसांनी आलं. "बाबा, डिसेंबरचा पहिला रविवार. दुपारी बारा, तुमच्या घड्याळाने. आता तिसऱ्यांदा पुढे ढकलू नका. नाहीच जमलं तर राहू द्या."

पुढचे दहा दिवस तो कानस घेऊन कॅबिनेटची आतली चौकट घासत होता. रोज थोडी. लोखंडाचा कीस वर्तमानपत्रावर पडायचा, तो घडी घालून बाहेर टाकायचा, पुन्हा बसायचा. कार्डाची जुनी वाळलेली पेस्ट स्पिरिटने पुसून नवी लावली. पंखा धुतला. शुक्रवारी झाकण बसलं. मी तिथेच होते. बटण दाबल्यावर आतून एक सुस्कारा आला आणि टीव्हीच्या पडद्यावर जंगल उभं राहिलं. मधोमध मोकळी जागा होती. तिथे अक्बोताने आधीच चार खांब रोवून ठेवले होते.

"तुझ्यासाठी ठेवलेत," मी म्हणाले.

मग त्याने कॉम्प्युटर बंद करून उचलला आणि बॅगेच्या तोंडाशी धरून बघितला. मावत होता. रविवारी संध्याकाळी त्याची गाडी होती. दुपारी बाराला इथून खेळायचं, मग तोच बॅगेत घालून निघायचं आणि पुढचे चार रविवार तिकडून खेळायचं, असा हिशेब होता. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं असं मी म्हणणार नाही. फक्त त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "मीठ कमी आहे." मी उठून मीठ आणलं. मला बरं वाटलं.

शनिवारी त्याच्या घरी जेवण होतं. थंडी पक्की झाली की आम्ही हिवाळ्याची बेगमी म्हणून घोडा कापतो आणि पहिलं जेवण नातेवाइकांना घालतो. घरात बाई नाही, म्हणून पहाटेपासून मीच चुलीशी. आतड्यात भरलेल्या घोड्याच्या मांसाची काझी उकळत होती, खिडक्यांवर वाफ साचलेली. आमच्या वडिलांचे मित्र ओराझबाय काका मानाच्या जागी बसले होते. माझा मुलगा येर्नारही आला होता. पंचवीस वर्षांचा, मोबाइलच्या दुकानात कामाला, तोंडाने माझ्यावर गेलेला, बाकी कुणावर गेलाय देव जाणे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात बहिणीच्या मुलाला मामाच्या घरून आयुष्यात तीन वेळा हवं ते मागता येतं. तीनदाच. मामाने नाही म्हणायचं नसतं. भाच्यावर हात उगारला तर मामाचा हात थरथरायला लागतो म्हणतात, आणि नाही म्हणणं हे लोकांच्या लेखी त्याच्या जवळपासचंच. येर्नारने नवव्या वर्षी मामाची सायकल मागून नेली. एकोणिसाव्या वर्षी मामाच्या अंगावरचा मेंढीच्या कातड्याचा कोट नेला. केन्झेबेक त्या दिवशी माझ्या नवऱ्याचं जॅकेट घालून घरी गेला. सगळे हसले होते, मीच सगळ्यात जास्त. तिसरा हक्क शिल्लक होता.

मांस खाऊन झालं, चहा फिरत होता. येर्नार हात पुसत कपाटाजवळच्या टेबलापाशी गेला.

"मामा, हे काय आहे? रेडिओ?"

"कॉम्प्युटर," केन्झेबेक म्हणाला.

"एवढासा?" त्याने झाकण उचललं, आत डोकावला. "अरे बाप रे, कार्ड बघा काय घातलंय. मामा, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात. हे घेऊन तिकडे पंपांना खेळवणार का?"

लोक हसले. ओराझबाय काका म्हणाले, "नजर पडली रे भाच्याची. केन्झेबेक, सांभाळ."

मला तेव्हाच कळलं. येर्नार सरळ उभा राहिला, छातीवर हात ठेवला, नाटकातल्यासारखा. "मामा, माझा तिसरा हक्क राहिलाय. सगळ्यांच्या साक्षीने मागतो. हा द्या."

त्याला अक्बोताच्या रविवारचं माहीत नव्हतं. ते फक्त मला आणि केन्झेबेकला माहीत होतं. कुणीतरी टाळी वाजवली. ओराझबाय काका म्हणाले, "उठ बाबा, आता सुटका नाही तुझी. लेकीकडचं रक्त मागतंय."

केन्झेबेकने माझ्याकडे पाहिलं. त्या मंगळवारी पाहिलं होतं अगदी तसंच. मी एक शब्द बोलले असते तरी भागलं असतं. येर्नार, खाली बस, दुसरं काही माग. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, का? आणि मला सांगावं लागलं असतं की या माणसाची मुलगी दोन वर्षं याच्याशी बोलत नाही, आणि का बोलत नाही. माझ्या हातात किटली होती. मी ओराझबाय काकांचा पेला भरला. तो आधीच भरलेला होता. चहा बशीत सांडला.

केन्झेबेक उठला. त्याने तारा काढल्या, एकेक करून गुंडाळल्या. कॉम्प्युटर टॉवेलात बांधला आणि भाच्याच्या हातात दिला. म्हणाला, "पंख्याला धूळ लागू देऊ नकोस." मग येऊन पुन्हा आपल्या जागी बसला आणि चहा प्यायला.

सगळे गेल्यावर मी भांडी घासत होते. तो फडक्याने ताटं पुसत होता. मी म्हणाले, "उद्या दुपारी क्लबात जाऊन बस. तासाभराचं तर काम आहे."

"एक रविवार क्लबात. पुढचे चार?" तो म्हणाला. "तिकडे काय आहे? वाळू आणि उंट."

"मग तिला कळव."

"काय कळवू?"

 त्याने फोन काढला, काही लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुसलं. मग फोन उपडा ठेवला आणि राहिलेली ताटं पुसली. मला वाटलं की मला रडू येईल. आलं नाही. काहीच आलं नाही.

सकाळी दहाला मी येर्नारच्या दारात उभी राहिले. तो डोळे चोळत आला.

"कॉम्प्युटर दे इकडे."

"आई, हक्काने घेतलेलं परत करत नाहीत. तूच सांगायचीस."

"मी पुष्कळ काही सांगायचे. दे."

"नाहीये गं आता," तो म्हणाला. मी आत गेले. टेबलावरच्या त्याच्या स्वतःच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये केन्झेबेकचं कार्ड बसलेलं होतं, हिरवी आणि काळी पट्टीही. मदरबोर्ड आणि प्रोसेसर त्याने रात्रीच मित्राला देऊन टाकले होते आणि मित्र ते घेऊन पहाटेच्या बसने तेमिर्ताऊला निघून गेला होता. उरलं होतं ते कॅबिनेट, बाल्कनीत, बर्फावर. आत पॉवर सप्लाय आणि पंखा. मी त्याला तिथेच सांगितलं काय झालं ते. सगळं, माझ्या वाक्यासकट. मी मोठ्याने बोलले नाही. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "काल का नाही बोललीस?" एवढं बोलून तो कार्डाचे स्क्रू काढायला लागला. पण नुसत्या कार्डाने काय होणार होतं? मी कॅबिनेट काखेत मारलं आणि बस पकडली.

केन्झेबेकच्या घरी पोचले तेव्हा बाराला दहा कमी होते. बॅग दारात भरलेली. तो रिकाम्या टेबलासमोर बसला होता, हात गुडघ्यांवर. मी कॅबिनेट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने झाकण उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"मी तिला फोन करते," मी म्हणाले.

"नको," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या वाटणीचं बोलणं सोडून माझ्या वाटणीचं बोलणार होते. मी माझ्या फोनवरून लावला. दुसऱ्याच घंटीला तिने उचलला. दोन वर्षांत मी तिला एकदाही फोन केला नव्हता. तिने हॅलो म्हटलं नाही.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. सगळे आहेत. तुझा बाबा माझ्यासमोर बसलाय."

 मागे कुठेतरी केटलीची शिट्टी वाजत होती.

"ऐक," मी म्हणाले. "आई झोपलीय हे त्याने स्वतःहून म्हटलं नव्हतं. मी म्हणायला लावलं. तुला सांगायचं नाही हेही मीच ठरवलं. तो तुला सोमवारीच फोन करायला उठला होता, मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला." हे शेवटचं मी केन्झेबेकसमोरही कधी बोलले नव्हते. "मला वाटलं होतं कुणीतरी तुला धरायला हवं. तुला कुणीच धरलं नाही. आणि त्याचा कॉम्प्युटर तयार झाला होता, कालपर्यंत होता. येर्नारने हक्काने मागून नेला आणि मी कालही गप्प बसले. त्याची चूक नाही. एवढंच सांगायचं होतं."

 केटलीची शिट्टी बंद झाली. मला वाटलं तिने ठेवला.

"बाबांना द्या," ती म्हणाली.

मी फोन आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. केन्झेबेक त्याच्याकडे बघत राहिला. त्याचे हात काय करावं ते न कळल्यासारखे टेबलावर इकडून तिकडे सरकत होते. मग त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, कॅबिनेट जवळ ओढलं आणि पंख्याचा पहिला स्क्रू सैल करायला लागला.

"बाबा," अक्बोता म्हणाली. "आईला माती दिली तेव्हा बर्फ पडत होता का?"

"नव्हता," तो म्हणाला. "ऊन होतं. पण थंडी खूप. जमीन गोठली होती, कुदळ आत जाईना. रात्री टायर जाळून ठेवले होते तिथे. तरी सकाळी चार तास लागले." स्क्रू निघाला. त्याने तो शोल्पानच्या खोक्याच्या झाकणात ठेवला. "मीही खणलं. तिच्या भावांनी नको म्हटलं, तरी खणलं."

"मग?"

"मग आणलं तिला." दुसरा स्क्रू. "सोळा जण होते उचलायला. मी उजवीकडे होतो. हलकी होती फार."

"कुणी काही बोललं का?"

"मुल्ला बोलले. मी नाही बोललो."

"मग, बाबा?"

तो सांगत गेला. कुठल्या बाजूला झाड आहे, तिच्या शेजारी कोण आहे, घरी परत आल्यावर दारात तिच्या चपला कशा तशाच होत्या आणि कुणी त्या हलवल्या. पंखा निघाला, मग पॉवर सप्लाय निघाला, मग तो तेच स्क्रू पुन्हा बसवायला लागला. माझ्या भावाला एवढं बोलताना मी अठ्ठेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी चुलीशी उभी होते. मला वाटलं, आता तरी काहीतरी वाटेल. अजून काही वाटत नव्हतं. मी कालचीच धुतलेली भांडी पुन्हा पुसायला घेतली.

एक वाजून गेला तेव्हा पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि तो सांगायचा थांबला.

"तू एकटी आहेस का?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पण बोला तुम्ही. मी खाली बसलेय."